म्हाळसाबाईचा बेलभंडार

वैशाखातली दुपार होती. कसब्यातल्या शिंपी आळीत कात्र्या थांबल्या होत्या, माणसे जेवून लवंडली होती, आणि मागच्या पडवीत सगुणा सासूचे जुने लुगडे फाडत बसली होती. आठ वर्षे धुण्याच्या दगडावर आपटून ते लुगडे लोण्यासारखे मऊ झाले होते. त्याचे चौकोनी तुकडे करायचे, धुवायचे, उन्हात कडकडीत वाळवायचे आणि तांदळाच्या कणगीमागे दडवून ठेवायचे. शिंप्याच्या घरात कापडाला तोटा नव्हता, पण या तुकड्यांना टाका घालायचा नाही, अशी सासूची, म्हाळसाबाईची ताकीद होती. मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी सुई धरू नये म्हणतात. शिवाय सुई धरली की कोणीतरी विचारणार, कोणासाठी शिवतेस?

आणि त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. सगुणेचा नवरा सुभानजी फौजेबरोबर डेरे-राहुट्या शिवायला गेलेला. मागच्या वैशाखात तो खानदेशात गेला, आणि आळीच्या लेखी तो अजून घरी परतलाच नव्हता. सगुणेच्या पोटातल्या जिवाला मात्र सहावा महिना लागला होता.

खरे काय ते घरात दोघींनाच ठाऊक होते. मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, थोरला दीर नागोजी बायकामुलांना घेऊन जेजुरीला गेला होता. नेमके त्याच दिवसांत सुभानजीचे पथक कर्नाटकाकडे वळले आणि वाटेत पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या शिवारात दोन दिवस उतरले. पुण्याची माणसे घरी गेली की परत येत नाहीत, म्हणून छावणीच्या दारोग्याने दवंडी पिटवली होती, की जो शहरात जाईल त्याच्या पाठीचे सालटे काढू. तरी सुभानजी आला. दिवेलागणीला आला, आईच्या हातची भाकरी खाल्ली, बायकोशी चार शब्द बोलला आणि उजाडायच्या आत गेला. जाताना म्हणाला, "मी आलो होतो हे कोणाला कळू देऊ नका. शिमग्याला मोहीम आटोपते. शिमग्याला मी दारात उभा."

शिमगा झाला, पाडवा झाला, रामनवमी झाली. सगुणा निऱ्या पुढे घेऊन घेऊन पोट झाकत राहिली. पण पोट का निऱ्यांचे ऐकते?

त्या दुपारी थोरली जाऊ गोजरा पाणी प्यायला उठली ती पडवीच्या दारात थबकली.

"काय गं, एवढं जुनेर कशाला फाडतेस?"

"भांडी पुसायला, जाऊबाई."

"सगळ्या पेठेची भांडी पुसणार आहेस वाटतं."

सगुणा घाईने उठायला गेली. हात टेकल्याशिवाय तिला उठता आले नाही. गोजराला तीन मुले झालेली होती. तिला आणखी काही विचारावे लागले नाही.

संध्याकाळी नागोजीने सगुणेला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बोलावले. म्हाळसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"कोणाचं आहे?" नागोजी खाली मान घालून म्हणाला. भावजयीला असा प्रश्न विचारण्याची त्याला लाज वाटत होती.

"ते आले होते, भावजी. चंपाषष्ठीला. तुम्ही जेजुरीला होतात."

"सुभाना आला होता? आई, सुभाना आला होता?"

भाकरी तव्यावर पडली. म्हाळसाबाईने काठ सोडवले, भाकरी उलटली, आणि पाठ न वळवता म्हणाली, "मला काही ठाऊक नाही."

सगुणेला वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही. तिने सासूच्या पाठीकडे पाहिले. पाठ हलली नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोघीच होत्या, तेव्हा म्हाळसाबाईने तिचा हात धरला. "पोरी, तो आला होता असं मी बोलले की त्याच्या पाठीचं सालटं काढतील गं. माझं धाकटं लेकरू ते."

"आणि माझं काय काढतील, आत्याबाई?"

"तो येईल. आला की स्वतःच्या तोंडानं सांगेल. तोवर आपण दम धरू."

सगुणेने दम धरला. तिचाही जीव त्या पाठीत अडकला होता.

नागोजी काही दुष्ट माणूस नव्हता. त्याची थोरली मुलगी ठकू ज्येष्ठात सासवडला द्यायची ठरली होती, आणि सासवडकरांच्या कानावर बातमी गेली होती. जातीच्या पंचांनी त्याला देवळात बोलावून सांगितले, "ती बाई तुझ्या घरात आहे तोवर तुझ्या मांडवात आमचं पाऊल नाही. तिला चावडीवर उभी कर. काय ते सरकार ठरवील." नागोजी घरी आला, जेवला नाही, आणि सकाळी सगुणेला म्हणाला, "चल."

वाचकहो, त्या काळचा रिवाज काय होता ते इथे सांगितले पाहिजे. नवरा परगावी असताना बाई गरोदर राहिली की तिच्यावर शिंदळकीचा आळ. आळ खोटा ठरवायला नवऱ्याचा शब्द हवा, आणि नवरा तर शंभर कोसांवर. आळ शाबीत झाला की तिला सरकारात बटीक करायची. बटीक म्हणजे विकत न घेतलेली गुलाम. घोड्यांचा दाणा दळायचा, शेण काढायचे, पुढ्यात पडेल ते खायचे, मरेपर्यंत. तिच्या पोटी जे जन्मेल तेही सरकारचेच. आणि पुरुष? पुरुष दंड भरी आणि पागोटे सावरीत घरी जाई.

चावडीवरचा कारकून म्हातारा, चष्म्याशिवाय कागद नाकाला लावून वाचणारा होता. त्याने सगळे ऐकून घेतले. पोटाची परीक्षा करायला मोमीनपुऱ्यातली सुईण मदिनाबी बोलावली गेली. तिने सगुणेला आडोशाला नेले, पोटावरून हात फिरवला, आणि बाहेर येऊन ठणकावून सांगितले, "सहावा भरत आला आहे. मार्गशीर्षातलं मूल आहे, सरकार. बाई सांगते त्यात एका दिवसाची गफलत नाही."

"महिने बरोबर असतील," कारकून म्हणाला, "पण बापाचं नाव महिने सांगत नाहीत." मग तो म्हाळसाबाईकडे वळला. "म्हातारे, तू घरात होतीस. मुलगा आला होता का?"

म्हाळसाबाईने पदर तोंडाला लावला. "डोळ्यांनी दिसत नाही मला नीट. कोण आलं, कोण गेलं..."

ती रोज सुईत दोरा ओवत होती. आळीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही.

कारकुनाने कर्नाटकात छावणीला पत्र लिहिले. सुभानजी शिंपी यास दारोग्यासमक्ष विचारून जबाब पाठवावा. जबाब येईपर्यंत बाई चावडीवर राहील आणि खाईल त्याचे काम करील. मग लेखणी कानावर ठेवून तो शिपायाला म्हणाला, "हिला मागच्या अंगणात ने. दोन जीव आहेत, जपून ने." जपणुकीचे ते बोलणे ऐकून सगुणेच्या अंगावर काटा आला. घरातली गाय गाभण असली की नागोजी असाच बोलत असे.

मागच्या अंगणात दळणाची सहा जाती आणि नऊ बायका होत्या. पहाटे हरभऱ्याची पोती उघडत, आणि उन्हे डोक्यावर येईपर्यंत दळण चाले. सगुणेला ज्या जात्यावर बसवले, त्याच्या दुसऱ्या बाजूला तानी नावाची माळीण होती, विशीच्या आतली. तिच्या शेजारी पाटीत चार महिन्यांचे मूल झोपलेले असे.

"तुझं?" सगुणेने पहिल्या दिवशी विचारले.

"माझ्या पोटचं हाय," तानी म्हणाली, "पर माझं न्हाई. सरकारचं हाय." तिने खुंटा ओढला. "मांजरीची मी. धनी फौजेत बैल हाकाया गेला. मधी एकदा आला अन् गेला. मंग पाण्याला उतार नव्हता, नदीत गेला म्हनत्यात. आता त्यो कुठनं येतुय सांगाया?"

"घरात कोणी पाहिलं नव्हतं त्याला?"

"माझ्या सासूनं. तिनंच वाढलं की त्येला." तानी थोडा वेळ दळत राहिली. "ती बोलली न्हाई. धाकल्या दिराची सोयरीक जमत व्हती. थोरला छावणीतनं पळून आला व्हता म्हनलं असतं तर मोडली असती."

दोघी समोरासमोर बसून दळत. सगुणेचे पोट जात्याला लागू लागले, तशी तानी खुंटा जास्त स्वतःकडे ओढू लागली.

ज्येष्ठात ठकूचे लग्न झाले. वाजंत्री चावडीपर्यंत ऐकू आली. म्हाळसाबाई रोज दुपारी फडक्यात भाकरी बांधून आणी, शिपायाच्या हातात देई, आणि अंगणाच्या भिंतीबाहेर बसून राही. सगुणा तिच्याशी बोलत नसे. भाकरी मात्र खाई, कारण पोटातले हलत होते. ती मनाशी दिवस मोजी. पत्र निघाले असेल, पोचले असेल, त्याला वाचून दाखवले असेल. त्याला कळले असेल की आपल्याला मूल होणार आहे! तो हसला असेल का? पाठीची भीती वाटली असेल, पण बोलला असेल. ज्याने एका भाकरीसाठी आणि चार शब्दांसाठी दवंडी मोडली, तो आपल्या रक्ताला नाही कसा म्हणेल?

आषाढात छावणीचा जबाब घेऊन जासूद आला. चावडीवर नागोजीला बोलावले, दोन पंचांना बोलावले. सगुणेला आठवा सरत आला होता. ती खांबाला धरून उभी राहिली. म्हाळसाबाई दाराशी होती.

कारकुनाने कागद नाकाशी नेला. "सुभानजी शिंपी याचा जबाब. 'मी छावणी सोडून कधीही शहरात गेलो नाही. घरी गेलो नाही. बायकोच्या गर्भाची मला माहिती नाही.' खाली निशाणी कात्रीची."

सगुणा रडली नाही. खांब सोडून ती हळूहळू खाली बसली. तिला वाटले, पोटातले हलणे थांबले. तिने पोटावर हात ठेवला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने एक लाथ बसली.

"आता संशय उरला नाही," एक पंच म्हणाला. नागोजी जमिनीकडे पाहत होता. कारकुनाने नवा कागद पुढे ओढला.

"लिहू नका."

म्हाळसाबाई दारातून आत आली होती. तिने पदर खांद्यावर घट्ट घेतला. "लिहू नका, बाबा. माझा मुलगा खोटं बोलतो."

"आई!" नागोजी उठला.

"तू बस. तू जेजुरीला होतास." ती कारकुनासमोर जाऊन उभी राहिली. "चंपाषष्ठीला दिवेलागणीला तो आला. मी दार उघडलं. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं त्यानं. उजाडायच्या आधी गेला. माझ्या डोळ्यांना सगळं दिसतं. त्या दिवशीही दिसत होतं, आणि इथं उभी राहून नाही म्हणाले तेव्हाही दिसत होतं. त्याच्या पाठीच्या भीतीनं मी खोटं बोलले. मला वाटलं, तो तरी खरं बोलेल. त्याला वाटलं असेल, आई तरी बोलेल. दोघांनी मिळून या पोरीला जात्याला बांधली."

"म्हातारे, विचार करून बोल," कारकून म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "तुझं म्हणणं मी खरं धरलं तर तुझा मुलगा दोनदा गुन्हेगार होतो. छावणी सोडली, आणि सरकारात खोटा जबाब दिला. मला ते छावणीला लिहावं लागेल."

"लिहा."

"शपथ घेशील?"

"बेलभंडार आणा."

शेजारच्या महादेवाच्या देवळातून बेलाचे पान आणि भंडारा आणला गेला. ज्याने तो हातात घेऊन खोटे बोलावे त्याचा वंश बुडतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. म्हाळसाबाईने दोन्ही हात पुढे केले. बोटांना सुईचे घट्टे पडलेले होते. "माझा सुभाना घरी आला होता," ती म्हणाली. "हिच्या पोटातलं मूल माझ्या मुलाचं आहे. खोटं असेल तर माझा वंश बुडो. खरं असेल तर माझ्या मुलाचं जे व्हायचं ते होवो." आणि तिने बेलभंडार उचलला.

पुत्राच्या बाजूने खोटी शपथ घेणारी आई सर्वांनी पाहिली होती. पुत्राविरुद्ध शपथ घेणारी कोणी पाहिली नव्हती. कारकुनाने नवा कागद घडी करून बाजूला ठेवला. "घेऊन जा हिला," तो म्हणाला. "आणि तुझ्या मुलाचं मी छावणीला लिहितो आहे."

सुटका झाली. पण कुठे जायचे? घराच्या दारात नागोजी आडवा उभा राहिला. "आई, तू आत ये. ती नको. पंचांनी अजून जातीत घेतलं नाही तिला. ठकूला सासवडचे परत पाठवतील."

"मग मीही नको," म्हाळसाबाई म्हणाली. आत जाऊन तिने आपली सुई, कात्री आणि एक पितळी तांब्या तेवढा आणला. कणगीमागची फडकी आठवलीच नाहीत.

जातीतले एकही दार उघडले नाही. शेवटी मदिनाबीने मोमीनपुऱ्यातल्या आपल्या घरामागची गवताची खोपी झाडून दिली. "तुमची चूल वेगळी मांडा," ती म्हणाली, "माझं पाणी नको असेल तर विहीर समोर आहे." म्हाळसाबाईने पहिल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणले. चौथ्या दिवशी पावसाने विहिरीची वाट निसरडी केली, तेव्हा तिने मदिनाबीच्या रांजणात तांब्या बुडवला.

भाद्रपदात सगुणेला कळा लागल्या. दोन दिवस झाले तरी मूल अडलेलेच. दीड-दोन महिने जात्यावर बसून तिची कंबर मोडलेली होती. तिला शुद्ध राहत नव्हती. मध्येच ती कोणाचे तरी नाव घ्यायला जाई आणि थांबे. सुभानजीचे नाव आता तोंडावर येईना. म्हाळसाबाई तिच्या पाठीमागे भिंतीसारखी बसली, काखेत हात घालून तिला धरून. "मला धर, पोरी. मी आहे. कुठं जात नाही मी."

"तेव्हा गेलात," सगुणा पुटपुटली.

"गेले. आता नाही जात."

तिसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर मुलगी झाली, मुठीएवढी, निळसर. मदिनाबीने तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या. किती वेळ मारल्या कोण जाणे. सगुणेला वाटले, एवढे करून हाती हेच! मग एक बारीकसा, चिडलेला आवाज आला. मदिनाबीने आपली ओढणी फाडली आणि मूल तिच्यात गुंडाळले.

कार्तिकात फौज परतली. एका सकाळी सुभानजी खोपीच्या दारात येऊन उभा राहिला. तो वाकून चालत होता. छावणीला कारकुनाचे पत्र पोचले होते, आणि दारोग्याने आपला शब्द पाळला होता. म्हाळसाबाईने त्याच्या पाठीवरचे वळ पाहिले. तिच्या तोंडून हुंदका फुटला, पण ती जागची उठली नाही.

"मला भीती वाटली," तो सगुणेला म्हणाला. "दारोगा समोर चाबूक घेऊन उभा होता गं." मग त्याने हात पुढे केले. "मला दे तिला. एकदा पाहू दे माझ्या पोरीला."

सगुणेने मूल छातीशी घेतले. "तुमची कशी?" ती म्हणाली. "तुम्ही तर आलाच नव्हतात."

सुभानजी उंबऱ्याबाहेर बसला. दुपारपर्यंत बसून राहिला. शेवटी म्हाळसाबाई म्हणाली, "चावडीवर जा. जिथं नाही म्हणालास तिथं हो लिहून दे. मग इथं ये. ती आत घेईल की नाही ते मी सांगू शकत नाही."

तो गेला आणि संध्याकाळी परतला. "लिहून दिलं," तो म्हणाला.

सगुणेने मूल मांडीवर घेतले. मग विचारले, "मागच्या अंगणात तानी दिसली? तिचं मूल रांगायला लागलं असेल."

"कोण तानी? तिथं बायका दळत होत्या काहीतरी. मी नाही पाहिलं."

रोज शेकडो माणसे चावडीवर येत, कागद करून घेत आणि जात. जात्यांची घरघर सगळ्यांना ऐकू येई, आणि कोणी मागे वळून पाहत नसे. त्यात सुभानजीचा एकट्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणेने मुलीला पाठीशी बांधले. म्हाळसाबाईने काठी घेतली. सुभानजीने विचारले, "कुठं निघालात?" म्हाळसाबाई म्हणाली, "मांजरीला. एका बाईला भेटायला."

उन्हे तापली तेव्हा दोघी मळ्यातल्या तानीच्या सासरी पोचल्या. अंगणात तानीची सासू कांद्याची रोपे निवडत होती. म्हाळसाबाईहून थोडी लहान, तशीच वाकलेली.

"कोन हाय?" तिने कपाळावर हात धरून विचारले. "काय पायजे?"

"मी पुण्याची," म्हाळसाबाई म्हणाली. "मीही सासूच आहे. तानीचं बोलायला आले."

बाईच्या हातातली रोपे खाली पडली. तिने ती उचलली नाही. ती उठली, घरात गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सगुणेने सासूकडे पाहिले. म्हाळसाबाईने काठी भिंतीला टेकवली आणि बंद दारासमोर पायरीवर मांडी घालून बसली.

"तू पोरीला सावलीत घे," ती म्हणाली. "मलाही दोन महिने लागले होते."

आणि ती बसून राहिली.